कुलूप मोफत, राखणदाराचा पगार कोण देतो?

या सदरात आपण फसवणुकीचे फोन, ओटीपी मागणारे भामटे आणि बनावट लिंक यांविषयी अनेकदा बोललो आहोत. आज विषय त्याच गल्लीतला आहे, पण उलट बाजूचा. चोर कसे येतात हे पुष्कळ पाहिले, आता राखण कोण करतो आणि त्याची चूल कशी पेटते ते पाहू.

मोबाइलवर वीजबिल भरताना किंवा मुलीचा निकाल पाहताना वेबसाइटच्या पत्त्यावर बोट ठेवले, तर सुरुवातीला 'एचटीटीपीएस' अशी अक्षरे दिसतात. आता-आतापर्यंत शेजारी कुलपाचे छोटे चित्रही असायचे. यातल्या शेवटच्या 'एस'चा अर्थ असा की, तुमचा मोबाइल आणि ती वेबसाइट यांच्यामधला मजकूर वाटेत कोणाला वाचता येणार नाही. साधे 'एचटीटीपी' म्हणजे पोस्टकार्ड. पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत ज्याच्या हाती पडेल त्याने वाचावे. 'एचटीटीपीएस' म्हणजे बंद लिफाफा, त्यावर लाखेची मोहर. स्टेशनवरच्या फुकट वायफायवर बसून तुम्ही पासवर्ड टाकला, तरी शेजारच्या बाकावरच्या माणसाला तो दिसत नाही, तो या लिफाफ्यामुळे.

ही मोहर वेबसाइटला आपली आपण लावून घेता येत नाही. त्यासाठी प्रमाणपत्र लागते. 'हा पत्ता ज्याच्या ताब्यात आहे, त्यालाच हे दिले आहे' अशी ग्वाही देणाऱ्या संस्था असतात आणि त्यांच्या सहीवर मोबाइलमधला ब्राउझर विश्वास ठेवतो. दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत हे प्रमाणपत्र बहुधा विकतच घ्यावे लागे. वर्षाला काही डॉलरपासून काही शे डॉलरपर्यंत भाव होता आणि ते बसवायला जाणकार माणूस वेगळा. बँकांना ते परवडे. छोटी शाळा, वाचनालय, गावातला दवाखाना किंवा घरून शिवणकाम करणाऱ्या बाईची वेबसाइट मात्र पोस्टकार्डावरच चाले.

हे बदलावे म्हणून अमेरिकेत काही माणसे एकत्र आली. मोझिला या फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या संस्थेतले जोश आस आणि एरिक रेस्कोर्ला, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे पीटर एकर्सली आणि मिशिगन विद्यापीठातले प्राध्यापक जे. अॅलेक्स हाल्डरमन. २०१३ मध्ये त्यांनी 'इंटरनेट सिक्युरिटी रिसर्च ग्रुप' नावाची ना-नफा संस्था नोंदवली. तिच्यामार्फत 'लेट्स एन्क्रिप्ट' ही सेवा उभी राहिली. पहिले प्रमाणपत्र सप्टेंबर २०१५ मध्ये निघाले आणि त्याच डिसेंबरमध्ये सेवा सर्वांना खुली झाली. जगातल्या कोणाही वेबसाइटवाल्याने मागावे आणि प्रमाणपत्र न्यावे, एक पैसाही न देता. मार्च २०१६ मध्ये दहा लाख प्रमाणपत्रे झाली, जून २०१७ मध्ये दहा कोटी आणि फेब्रुवारी २०२० मध्ये शंभर कोटी.

इथपर्यंत ऐकल्यावर आपल्या मनात येते, वा, किती छान, सगळे फुकट! पण फुकट कोणाला? घेणाऱ्याला. देणाऱ्याला नाही.

हिशोबाची वही

या संस्थेची मला आवडलेली गोष्ट म्हणजे तिने आपली वही लोकांसमोर उघडून ठेवली. सप्टेंबर २०१६ मध्ये कार्यकारी संचालक जोश आस यांनी पुढच्या वर्षाचा खर्च जाहीर केला. २०१७ सालासाठी अंदाज होता सुमारे २९ लाख १० हजार डॉलरचा, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेएकोणीस कोटी रुपये. त्याची फोड अशी होती:

माणसांचे पगार आणि त्यांच्या सोयीसुविधा : २० लाख ६० हजार डॉलर
कायदेशीर सल्ला आणि कार्यालयीन कामकाज : ३ लाख ५० हजार डॉलर
यंत्रे ठेवण्याच्या सुरक्षित जागा आणि ऑडिट : ३ लाख डॉलर
यंत्रसामग्री आणि सॉफ्टवेअर : २ लाख डॉलर

शंभर रुपयांवर आणून पाहा. ७१ रुपये माणसांवर, १२ कायदा आणि कार्यालयावर, १० जागा आणि ऑडिटवर आणि यंत्रांवर फक्त ७. इंटरनेट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर यंत्रे येतात. इथे तर यंत्रे सर्वांत स्वस्त निघाली.

ही माणसे तरी किती? त्या वेळी आठ पूर्णवेळ कर्मचारी होते. आणखी दोघे इथेच काम करत, पण त्यांचा पगार मोझिला आणि इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन देत होते. एकूण दहा. त्यांतले पाचजण यंत्रणा चालती ठेवणारे, तिघे सॉफ्टवेअर लिहिणारे, एकजण लोकसंपर्क आणि निधी पाहणारा आणि एक कार्यकारी संचालक.

कोणी म्हणेल, दहा-अकरा माणसांसाठी वीस लाख डॉलर? ही कसली समाजसेवा? शंका रास्त आहे, उत्तरही सरळ आहे. पगार अमेरिकेतले आहेत, त्यात कर्मचाऱ्याच्या आरोग्य विम्यासारखा मालकाने उचलायचा भार आहे आणि हे काम जाणणाऱ्या माणसांना मोठ्या कंपन्या हात पसरून घेतात. ज्याच्या हाती जगभरच्या लिफाफ्यांची मोहर द्यायची, त्याला अर्ध्या पगारावर ठेवून 'सेवा समज' म्हणायचे, तर तो दोन वर्षांत निघून जातो आणि त्याच्याबरोबर सगळी माहितीही जाते. त्यापेक्षा महाग दुसरे काही नाही.

पगार कशाचा घेतात?

प्रमाणपत्र देण्याचे काम संगणकच करतो. वेबसाइटवाल्याचा संगणक मागतो, संस्थेचा संगणक तपासतो आणि काही क्षणांत प्रमाणपत्र देतो. मग माणसे कशाला?

२०११ सालची हॉलंडमधली गोष्ट ऐका. डिजिनोटार नावाची प्रमाणपत्रे देणारी कंपनी होती. डच सरकारची कितीतरी खाती तिच्यावर विसंबून होती. तिच्या यंत्रणेत चोर घुसले आणि त्यांनी गुगलसह अनेकांच्या नावाने खोटी प्रमाणपत्रे काढून घेतली. ती वापरली गेली इराणमधल्या लोकांवर. आपला ईमेल बंद लिफाफ्यात आहे असे समजून लोक लिहीत होते आणि कोणीतरी मधल्या मध्ये वाचत होते. सुमारे तीन लाख इंटरनेट पत्त्यांना याची झळ पोहोचली, ते जवळजवळ सगळे इराणमधले. बातमी फुटल्यावर ब्राउझरांनी डिजिनोटारवरचा विश्वास काढून घेतला आणि त्याच सप्टेंबरमध्ये कंपनीचे दिवाळे निघाले.

मोहर सांभाळणाऱ्याकडून चूक झाली, तर तोटा त्याच्या एकट्याचा होत नाही. म्हणूनच या संस्थेची यंत्रे कडेकोट बंदोबस्तातल्या दोन ठिकाणी ठेवलेली होती. दरवर्षी बाहेरच्यांकडून ऑडिट होते आणि रात्रंदिवस कोणीतरी पहाऱ्यावर असते. यंत्रणा सांभाळणाऱ्यांचा गट सर्वांत मोठा, तो यासाठीच. काही बिघडले तर ते त्याच क्षणी पाहावे लागते आणि एकट्याने पाहून भागत नाही.

याची परीक्षा एका शनिवारी झाली. २९ फेब्रुवारी २०२०. शंभर कोटी प्रमाणपत्रांचा आनंद साजरा करून दोनच दिवस झाले होते. आपल्याकडे सकाळचे साडेआठ वाजून गेले होते, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर अजून शुक्रवारची संध्याकाळ होती. प्रमाणपत्र देण्याआधीच्या एका तपासणीत दोष आहे, अशी खात्री पटली. दोन मिनिटांत त्यांनी प्रमाणपत्रे देणे थांबवले. सव्वादोन तासांत दुरुस्ती करून काम पुन्हा सुरू केले. पण आधी दिलेल्यांचे काय? मोजले तेव्हा ३० लाख ४८ हजार २८९ प्रमाणपत्रे दोषाच्या छायेत निघाली. नियमाप्रमाणे ती पाच दिवसांत रद्द करणे भाग होते. रद्द केली की तेवढ्या वेबसाइटवर लोकांना धोक्याची सूचना दिसू लागणार.

संस्थेने दोष लपवला नाही. वेबसाइटवाल्यांना कळवले, यादी जाहीर केली, बदलून घ्यायला मदत केली. मुदतीच्या आत १७ लाखांहून अधिक प्रमाणपत्रे बदलली गेली आणि जुनी रद्द झाली. उरलेली मात्र तिने मुदतीत रद्द केली नाहीत. एवढ्या वेबसाइट एकदम बंद पाडल्याने लोकांचे नुकसान अधिक होईल, असे तिचे म्हणणे होते आणि तेही तिने उघडपणे सांगितले. हे सगळे तेरा माणसांच्या संस्थेने केले. दोष संगणकात होता, पण दोन मिनिटांत थांबायचे की नाही आणि लाखो लोकांना काय सांगायचे, हे माणसांनी ठरवले. त्या ७१ रुपयांचा हिशोब इथे आहे.

आजीच्या हातातला जुना फोन

दुसरे उदाहरण आपल्या घराच्या जास्त जवळचे आहे. घरात नवा फोन आला की जुना फोन अम्मीकडे आणि तिथून दादीकडे जातो. स्क्रीनला तडा गेलेला असला तरी तो चालतो. २०२० मध्ये लेट्स एन्क्रिप्टसमोर नेमका असल्या फोनांचा पेच उभा राहिला. सुरुवातीला तिची स्वतःची मोहर कोणी ओळखत नव्हते, म्हणून आयडेनट्रस्ट या जुन्या संस्थेने तिच्यासाठी आपली सही दिली होती. त्या सहीची मुदत संपत आली. नव्या फोनांना लेट्स एन्क्रिप्टची मोहर ठाऊक होती, पण अँड्रॉइड ७.१ च्या आधीच्या फोनांना नव्हती आणि तेव्हा जगातल्या अँड्रॉइड फोनांपैकी ३३.८ टक्के असे जुने होते. त्यांच्यावर कोट्यवधी वेबसाइट उघडेनाशा झाल्या असत्या.

जुना फोन कोण वापरतो? ज्याला नवा परवडत नाही तो. नोव्हेंबर २०२० मध्ये संस्थेने हा पेच जाहीर केला. डिसेंबरमध्ये तोड निघाली आणि आयडेनट्रस्टने आणखी तीन वर्षांसाठी सही द्यायचे मान्य केले. ती व्यवस्था २०२४ मध्ये संपली, तोवर असले फोन फारच कमी उरले होते. कित्येक घरांत दादीचा फोन त्या काळात बंद पडला नाही, याचे कारण कुठेतरी पगारावर असलेल्या माणसांनी तिच्यासाठी डोके खपवले होते. दादीला ते कधी कळले नाही, कळण्याची गरजही नव्हती.

काटकसर कशाला म्हणायचे?

माणसांवर खर्च करायचा म्हणजे उधळपट्टी नव्हे. संस्थेनेच दिलेले आकडे पाहा. जून २०१७ मध्ये ४ कोटी ६० लाख वेबसाइट, ११ पूर्णवेळ कर्मचारी, वर्षाचे अंदाजपत्रक २६ लाख १० हजार डॉलर. हे आधीच्या अंदाजापेक्षा कमीच होते. फेब्रुवारी २०२० मध्ये सुमारे १९ कोटी २० लाख वेबसाइट, १३ कर्मचारी, अंदाजपत्रक सुमारे ३३ लाख ५० हजार डॉलर. काम चौपटीहून जास्त वाढले, माणसे दोनच वाढली. एका वेबसाइटमागे वर्षाचा खर्च पाहिला, तर २०१७ मध्ये साडेतीन-पावणेचार रुपये होता, २०२० मध्ये सव्वा रुपया. याच काळात जगभर उघडल्या जाणाऱ्या पानांपैकी बंद लिफाफ्यातून जाणारी पाने ५८ टक्क्यांवरून ८१ टक्क्यांवर गेली.

हे जमले ते चांगली माणसे ठेवून त्यांच्याकडून कष्टाचे काम यंत्रावर सोपवून घेतल्यामुळे. प्रमाणपत्र नव्वद दिवसांचेच ठेवले, म्हणजे वेबसाइटवाल्याला ते आपोआप बदलण्याची सोय करावीच लागते. ते मागणारे आणि देणारे सॉफ्टवेअर सर्वांना खुले केले. जून २०२५ मध्ये, मुदत संपत आल्याची आठवण देणारे ईमेलही संस्थेने बंद केले. त्यावर वर्षाला हजारो डॉलर जात होते, शिवाय लाखो लोकांचे ईमेल पत्ते उगाच सांभाळावे लागत होते. पैसा वाचला आणि लोकांच्या माहितीची जोखीमही कमी झाली.

मग पैसा येतो कुठून?

बराचसा कंपन्यांकडून आणि संस्थांकडून. सुरुवातीपासून मोझिला, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन, सिस्को, अकामाई पाठीशी होत्या. पुढे गुगल क्रोम, फेसबुक, फ्रान्सची ओव्हीएच अशा अनेक आल्या. साध्या लोकांच्या छोट्या देणग्याही येतात. कंपन्या निव्वळ दानधर्म करतात असे नाही. इंटरनेटवर लोकांचा भरवसा राहिला तरच त्यांचा धंदा चालतो. बाजारातल्या दुकानदारांनी मिळून रात्रीचा गुरखा ठेवावा, तसेच हे. तरीही धोका आहेच. एकाच मोठ्या दुकानदाराच्या पैशावर गुरखा जगू लागला, तर त्याची शिट्टी त्याच दुकानासमोर जास्त वाजेल. म्हणून देणारे पुष्कळ असावेत, कोणीच फार मोठा नसावा आणि वही उघडी असावी.

पैसा आलाच नाही तर काय होते, तेही इंटरनेटने पाहिले आहे. लिफाफा बंद करण्याचे काम करणारे ओपनएसएसएल नावाचे मोफत सॉफ्टवेअर जगभरच्या असंख्य वेबसाइट वापरत होत्या. एप्रिल २०१४ मध्ये त्यात 'हार्टब्लीड' नावाचा दोष उघड झाला. दोन वर्षे तो कोणाच्या लक्षात आला नव्हता. एका अंदाजानुसार सुमारे पाच लाख सुरक्षित म्हणवणारे सर्व्हर त्यामुळे उघडे पडले होते. चौकशी केली तेव्हा लोक थक्क झाले. या कामाला वर्षाकाठी निव्वळ देणगी मिळत होती सुमारे दोन हजार डॉलर, म्हणजे तेव्हाचे एक लाख वीस हजार रुपये, आणि पूर्णवेळ झटणारा माणूस होता एक. अब्जावधींचा व्यवहार करणाऱ्या कंपन्या ते फुकट वापरत होत्या आणि आपण नाही तर दुसरा कोणी देत असेल, असे प्रत्येकजण समजत होता. दोष उघड झाल्यावर त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने गुगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक, अॅमेझॉन, इंटेल अशा कंपन्यांनी दरवर्षी प्रत्येकी एक लाख डॉलर, तीन वर्षे देण्याचे कबूल केले. घर लुटल्यावर कुलूप आणले.

आपल्या दारात

हे वाचताना मला आपल्याच संस्था आठवत राहिल्या. शाळेच्या नव्या मजल्यासाठी, मशिदीच्या रंगासाठी, कूलरसाठी वर्गणी मागितली की खिशात हात जातो. वस्तू दिसते, तिच्यावर अब्बांचे किंवा दादाजानचे नाव घालता येते. पण त्याच शाळेच्या शिक्षिकेचा, वाचनालयाच्या ग्रंथपालाचा, मुअज्जिनचा, रुग्णवाहिकेच्या चालकाचा पगार वाढवायचा म्हटले की सभेत शांतता पसरते. मग कोणीतरी विचारतोच, 'चंद्यातले किती पगारावर गेले?' जणू पगारावर गेलेला पैसा वाया गेला. रुग्णवाहिका दारात उभी आणि चालक नाही, अशी संस्था आपल्यापैकी कित्येकांनी पाहिली असेल.

हिशोब विचारावाच, कारण लोकांचा पैसा अमानत आहे. पण प्रश्न बदलून विचारावा. 'पगारावर किती गेले?' एवढ्यावर थांबू नये. त्या पगारात काय काम झाले, ते किती लोकांच्या उपयोगी पडले आणि ही माणसे पुढच्या वर्षी टिकतील का, असे विचारावे. संस्थाचालकांनीही पगाराचा आकडा 'इतर खर्चा'त दडवू नये. ज्या संस्थेला शंभरातले ७१ रुपये माणसांवर जातात हे सांगायला लाज वाटली नाही, तिला देणारेही मिळाले.

जाता जाता घरच्या उपयोगाच्या तीन गोष्टी.

एक, तुमच्या शाळेची, ट्रस्टची किंवा दुकानाची वेबसाइट असेल आणि ती बनवणारा दरवर्षी सुरक्षा प्रमाणपत्राचे वेगळे पैसे घेत असेल, तर मोफत प्रमाणपत्र चालेल का, असे जरूर विचारा. बहुतेक छोट्या वेबसाइटना ते पुरते. ते बसवण्याच्या मेहनतीचे पैसे मात्र त्याला खुशीने द्या आणि ते आपोआप बदलले जाते ना, याची खात्री करून घ्या.

दोन, 'एचटीटीपीएस' दिसले म्हणजे समोरचा माणूस प्रामाणिक आहे, असे समजू नका. लिफाफा बंद आहे, एवढेच ते सांगते. लिफाफा ज्याला पाठवला तोच लबाड असू शकतो. भामट्यांनाही प्रमाणपत्र मिळते. म्हणून वेबसाइटचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचा आणि मुलांना व घरच्या वडीलधाऱ्यांना ही सवय लावा.

तीन, यंदा ज्या संस्थेला मदत कराल, तिच्या चालकांना एकदा सांगून पाहा, 'ही रक्कम इमारतीला नको, माणसाच्या पगाराला लावा.' भिंतीवर तुमचे नाव लागणार नाही. पण महिन्याच्या एक तारखेला एखाद्या घरात वेळेवर पगार पोहोचेल आणि दुसऱ्या दिवशी ते माणूस कामावर हजर असेल.